खाजकुहिलीचे लाडू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरचीची देठं खुडणं. सोमवारची सकाळ होती. अंगणात गोणपाट अंथरलं, वाळलेली लाल मिरची त्यावर ओतली, हाताला तेल चोळलं आणि समोरासमोर बसलो. आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगतो. मिरची खुडायची तर आधी हाताला तेल, मग नाकाला फडकं, आणि काही झालं तरी डोळ्याला हात लावायचा नाही. हिनं, माझ्या बायकोनं, सगळा जन्म हे काम केलं. तिचा हात चालायचा तेव्हा ती मिरचीकडे बघायचीसुद्धा नाही, माझ्याकडे बघायची. माझा ढीग नेहमी लहान, आणि त्यावरून रोज एकदा तरी मला ऐकून घ्यावं लागायचं.

हात चालू असताना माझी परीक्षा चालायची. काल भाजी कशाची होती? मोठी पोरगी कुठल्या गावी दिली? म्हैस कधी व्याली? काही उत्तरं मी सरळ द्यायचो, काही मुद्दाम वाकडी. त्या दिवशी तिनं विचारलं, आपलं लग्न लागलं तेव्हा ऊन होतं का ढग. मी म्हणालो, ऊन होतं, आणि उन्हानं तू इतकी काळी पडली होतीस की मी तुझ्या मावसबहिणीच्या गळ्यात माळ घालायला निघालो होतो. ती फडक्यामागे हसली आणि हसताना मिरची नाकात गेली. मग शिंका, मग ठसका, डोळ्यांतून पाणी. ठसका थांबल्यावर म्हणाली, "याद शे तुम्हले. पन खोटी याद शे."

आमच्या घरात अहिराणीच बोलतात. मी लिहितोय ती शाळेची भाषा, आणि शाळेत मी चौथीपर्यंतच होतो. चुकलं तर समजून घ्या.

ही परीक्षा का सुरू झाली ते सांगतो.

मागच्या वर्षी माझी लघवी अडली. पोरानं नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण बोलणं सरळ. म्हणाला, बाबा, लघवीच्या वाटेवर पुरुषाला एक गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात, तिचा कॅन्सर आहे. घाबरू नका, हा हळू चालणारा आहे. पुरुषाच्या अंगात एक रस असतो, तो पिऊन ही गाठ वाढते. दर तीन महिन्यांनी पोटात एक सुई घ्यायची, तो रस बंद होतो, गाठ उपाशी राहते. रसाचं नाव त्यानं टेस्टोस्टेरॉन सांगितलं. मी म्हणालो, नाव कशाला सांगता, जायचाच आहे तर जाऊ द्या.

पहिली सुई घेतली आणि दीड-दोन महिन्यांत माझ्या अंगातून वाफा निघायला लागल्या. पौषाची थंडी, गाव शेकोटीला बसलेलं, आणि मी सदरा काढून ओट्यावर घामाघूम. ही सूप घेऊन मला वारा घालायची आणि पोट धरून हसायची. बायकांची पाळी जायच्या वयात त्यांना असंच होतं म्हणे. तिला झालं होतं तेव्हा मी म्हणालो होतो की चुलीपाशी कमी बसत जा. ते तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं. "आते समजनं का," म्हणाली, "बाईना जन्म कसा ऱ्हास ते." दाढी पातळ झाली, छाती दुखरी झाली, टीव्हीवर कुणाचं लग्न दाखवलं तरी रडू यायचं. ती सुनेला सांगायची, आता या घरात आपण तिघी.

हे सगळं मी सोसलं. हसण्यावारी नेलं. पण मग डोकं गळायला लागलं.

आधी बारीकसारीक. मोटार चालू करून विसरलो, मिरचीच्या वाफ्यात गुडघाभर पाणी. चष्मा कपाळावर आणि मी गोठ्यात शोधतोय. त्याचं काही नाही, म्हाताऱ्यांचं होतंच. मग एक दिवस आम्ही तिच्या माहेरी निघालो. तिचं माहेर प्रकाशा, तापीच्या काठाला. दर्शनाला लोक लांबून येतात, लहान पोराला विचारलं तरी सांगेल. मी तिथला जावई. त्या गावानं मला इतकं जेवू घातलंय की माझी अर्धी हाडं तिथल्या गव्हाची. गाडीत कंडक्टर आला आणि म्हणाला, कुठे? मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. गाव दिसत होतं. नदी दिसत होती, तिच्या भावाचा ओटा दिसत होता. नाव नाही. कंडक्टर पुन्हा म्हणाला, बाबा, कुठे? मागची माणसं बघायला लागली.

ती खिडकीकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "प्रकाशा. दोन द्या."

 माहेरी पोचल्यावर तिनं भावाला सांगितलं की आजकालचे कंडक्टर फार घाई करतात, माणसाला बोलू देत नाहीत. मी खाली मान घालून चहा प्यालो.

पुढच्या सुईला तिनं डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, हा रस कमी झाला की काही माणसांचं लक्षात राहणं कमी होतं, काहींना काही होत नाही, आणि आजी, बाबांचं वय पण आहे ना. यातलं शेवटचं तिनं सोडून दिलं, पहिलं घट्ट धरलं. त्यातच सुनेच्या मोबाईलवर एक पांढऱ्या कोटातला माणूस बोलताना तिनं ऐकला. पुरुषाचा रस आटला की बुद्धी मंदावते, आणि अमुक झाडांचा अर्क घेतला की रस परत येतो, असं तो म्हणत होता. बाटली विकत घ्या म्हणत होता. हिनं बाटली घेतली नाही. म्हणाली, झाडं आपल्या डोंगरात आणि बाटली त्याच्याकडून कशाला घ्यायची?

तिचा हिशोब शेतकऱ्याचा होता. विहीर आटली म्हणून झाड सुकलं. मग विहिरीत पाणी सोडा, झाड हिरवं होईल. मलाही पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

आठवडी बाजारात धडगावकडची एक बाई मुळ्या विकायला बसते. आम्ही तिच्यापुढे उभे राहिलो. सफेद मुसळी, गोखरू, अश्वगंधा, सगळं फडक्यावर मांडलेलं. मी हळू बोल म्हणून हिचा पदर ओढत होतो. हिचा आवाज मिरची वाळवायच्या मोकळ्या पथारीवर घडलेला, एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईशी बोलते तसा. "मन्हा म्हताराकरता पाहिजे," म्हणाली, "त्यानी ताकद कमी व्हई गई."

शेजारी माझा चुलत मेहुणा कांदे निवडत होता. त्यानं कांदे खाली ठेवले.

संध्याकाळपर्यंत गावातल्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत. एकानं विचारलं, पाळणा सागाचा करायचा का बाभळीचा? दुसरा म्हणाला, या वयात बारसं म्हणजे जेवण मोठं पाहिजे. मी चहा अर्धा टाकून घरी आलो आणि तिच्यावर चिडलो. तिला सांगितलं, लोकांना खरं सांग, कॅन्सर आहे म्हण, विसरतो म्हण. ती म्हणाली, ते सांगितलं तर लोक कीव करतील. हसतायत तर हसू द्या, कीव करण्यापेक्षा बरं. आणि मला वर ऐकवलं की त्यांच्या बायकांनी त्यांच्यासाठी मुळ्या घेतल्या नाहीत म्हणून त्यांच्या पोटात दुखतंय.

मुळीवाल्या बाईनं जाताना सांगितलं होतं की सगळ्यात जोर खाजकुहिलीच्या बियांत. तिच्याकडे बिया होत्या, पण हिनं दोन चावून बघितल्या आणि जुन्या आहेत म्हणून परत ठेवल्या. आमच्या शेताच्या नाल्याकडच्या कुंपणावर खाजकुहिलीचा वेल आहे. शेंगांवर मखमलीसारखी भुरी लव असते. ती अंगाला लागली की माणूस कपडे फाडतो. ढोरं त्या बाजूला जात नाहीत. आम्हीही कधी गेलो नव्हतो.

मी म्हणालो, नको. ती म्हणाली, ज्या हातांनी पोतीच्या पोती मिरची खुडली त्या हातांना ही शेंग काय करणार. तेल लावा म्हणजे झालं.

एवढीच चूक झाली. आणि ती मिरचीवालेच करू शकतात. दुसरा माणूस खाजकुहिलीला घाबरला असता. आम्हाला वाटलं, आग ती आग, तेलानं थांबते. कोपरापर्यंत तेल चोळून आम्ही दोघं गेलो आणि टोपलीभर शेंगा तोडल्या. तेलानं मिरचीचा तिखटपणा कातडीत उतरत नाही हे खरं. पण ती लव तेलाला अशी चिकटली की पुसायला गेलं तर आत घुसते, खाजवलं तर आणखी आत. घरी येईपर्यंत मी रस्त्यात दोनदा नाचलो. माझ्या तर मानेवरून पाठीत गेली होती. ती स्वतः हात हवेत धरून उभी, डोळ्यांत पाणी, आणि तरी मला विचारतेय, आणखी कुठे कुठे खाजतं ते सांगा, लाजू नका, आता कसली लाज.

यावर उपाय एकच, ओलं शेण. चोळायचं, वाळू द्यायचं, मग खरवडून काढायचं, लव त्याबरोबर निघते. आम्ही दोघं ओट्यावर कोपरापर्यंत शेण लावून, हात पुढे धरून वाळवत बसलो. मी उघडा, पाठीवरही शेण. सून शेतातून आली, बघत राहिली, आणि डोक्यावरचा भारा न उतरवताच विचारलं की आज कोणता सण आहे. सासू म्हणाली, आमचा आहे, तुमचा यायला वेळ आहे.

पुढचं तिनं एकटीनं केलं, मला जवळ येऊ दिलं नाही. शेंगा राखेत घालून काठीनं लोळवल्या, लव काढली, बिया दुधात उकळल्या, सालं काढून वाळवल्या, दळल्या. त्यात मुसळी, गोखरू, तूप, गूळ. लाडू वळले. रोज सकाळी एक. चव म्हणाल तर भिजलेल्या मातीत गूळ घातल्यासारखी. मी तोंड वाकडं करायचो आणि ती समोर उभी राहून गिळेपर्यंत बघायची.

आणि मला बरं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू. वाफा कमी झाल्या. चष्मा ठेवला तिथे सापडायला लागला. एकदा मी तिच्या माहेरचे सगळे मेहुणे मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं सांगितले, एकही न चुकता, तर तिनं शेजारणीला हाक मारून परत म्हणायला लावले. लाडवांनी झालं का तिच्या उभं राहून बघण्यानं झालं, मला सांगता येत नाही.

मग सुईची वेळ आली. सुईच्या आधी रक्त तपासतात. डॉक्टरनं कागद बघितला, परत बघितला. खाली राहायला पाहिजे तो आकडा वर सरकला होता. त्यानं विचारलं, बाबा, दुसरं काही औषध घेता का? मी हिच्याकडे बघितलं. ती खुर्चीत पुढे सरकली आणि मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. मुसळी, गोखरू, कुहिली, दुधात किती वेळ उकळायची तेसुद्धा. विहीर आटली होती, मी पाणी सोडलं, म्हणाली.

डॉक्टरनं कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "आजी, ती विहीर मीच उपसतोय. मी उपसतो आणि तुम्ही मागून पाट सोडता."

तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. डॉक्टर चांगला होता, त्यानं लगेच सांगितलं की आकडा लाडवांनीच वाढला असं मी छातीठोक म्हणत नाही, या झाडांच्या अर्कानं नक्की काय होतं हे कुणीच नीट सांगू शकत नाही, दुसऱ्या कुणाला चालेलही. पण या बाबांना नको, आजपासून बंद. तिनं मान डोलावली. पदराचं टोक हातात घेऊन पिळत राहिली.

रिक्षात बसलो. स्टँडपर्यंत जायचं होतं. मी तेव्हा तिला सांगून टाकलं, मला आता सुई पण नको. दोन्ही बंद. गाठ वाढते तर वाढू दे. दोन वर्षं कमी जगेन, पण मी म्हणून जगेन. आज प्रकाशा विसरलो, उद्या पोरं विसरेन. "तुन्हं तोंड भुली गऊ ते? मंग मी कोठे ऱ्हायनू?"

ती बाहेर मिरचीच्या गाड्यांकडे बघत होती. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, "भुली जा मंग. मी कोन शे ते मी रोज सांगसू. तुम्ही फक्त जित्ता ऱ्हा."

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मी त्याला म्हणालो, तू पुढे बघ.

असा आमचा सौदा ठरला. सुई मी घ्यायची, ध्यानात तिनं ठेवायचं. उरलेले लाडू म्हशीला घातले. म्हशीनं त्यानंतर काय काय लक्षात ठेवलं ते म्हशीला माहीत. आणि लाडू बंद झाले तशी ही मिरचीवरची परीक्षा सुरू झाली. औषधापेक्षा ती कडू होती, पण त्यात हसू होतं.

सोमवारी दुपारी जेवण झालं. ती म्हणाली, जरा पडते. छातीत थोडं धरल्यासारखं वाटतंय, मिरचीच्या ठसक्यानं असेल. मी म्हणालो, पड. थोड्या वेळानं सून पाणी द्यायला गेली आणि तिथूनच मला हाक मारली. डॉक्टरला आणायला पोरगा धावला, पण काम संपलेलं होतं. पोरी जवळच दिलेल्या, तासाभरात आल्या. ऊन उतरायच्या आत तिला नेलं आणि परत आलो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. माणूस गेलं की दुसऱ्या दिवसापासून लोक दारावर येतात. ओट्यावर सतरंजी टाकलेली असते, घरचा मोठा माणूस तिच्यावर बसतो. येणारा येतो, थोडा वेळ खाली मान घालून बसतो, दोन शब्द बोलतो, उठतो. बायका आत जातात, रडतात. घरच्यानं उठायचं नाही, कुठे जायचं नाही. मंगळवारी सकाळी सतरंजी पडली. मी बसलो. माझे दोन मेहुणे प्रकाशाहून आले होते, ते शेजारी बसले. पोरगा कालपासून जेवला नव्हता. कुणाला कशाचं भान नव्हतं.

त्या दिवशी माझी सुई होती.

हे मला एकट्याला माहीत होतं. तिनं पोराला सांगितलेलं नसणार, सुईचं सगळं तीच बघायची. मी बसल्या बसल्या विचार केला. सौदा असा होता की मी विसरलो तर ती सांगणार. आता कोण सांगणार? सौदा तिनं मोडला होता, मी नाही. मी तसाच बसून राहिलो असतो तर कुणी विचारलं नसतं. आज नाही, पुढच्या महिन्यात नाही. तिचं तोंड जितकं डोक्यात आहे तितकं राहिलं असतं, आणि मीही फार मागे राहिलो नसतो. रिक्षात मला हेच पाहिजे होतं.

लोक येत होते, जात होते. कुणीतरी म्हणालं, मोठी भाग्याची, कुंकू घेऊन गेली. मला राग आला. तिला विचारलं असतं तर तिनं कुंकू ठेवलं असतं खुंटीला आणि आणखी दहा वर्षं माझी परीक्षा घेतली असती.

मी उठलो. आत गेलो, हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, दवाखान्याची पिशवी काढली. बायका रडता रडता थांबल्या. मी बाहेर येऊन चप्पल शोधायला लागलो तसा पोरगा धावत आला. त्यानं माझा दंड धरला. त्याचं तोंड बघून मला कळलं त्याला काय वाटतंय. तो लहान पोराला सांगावं तसं हळूच म्हणाला, "आबा, माय गई. काल. तुम्हीच व्हतात ना तठे."

सतरंजीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मोठ्या मेहुण्यानं डोळे पुसले.

"माले याद शे," मी म्हणालो. "आज सुई शे."

मेहुणा म्हणाला, दाजी, सुतक आहे, दारावर माणसं आहेत, चार दिवसांनी गेलं तर काय बिघडतं. मी त्याला सांगितलं, तुझ्या बहिणीनं मला जितं राहायला सांगितलंय, तिच्याशी तू भांड, मला मध्ये घेऊ नको. तो बाजूला सरकला. तो तिचाच भाऊ, तिच्याशी भांडून काय मिळतं ते त्याला माहीत होतं.

पोरानं मोटारसायकल काढली. वाटेत त्यानं एकदा विचारलं, आबा, पडणार नाहीत ना, घट्ट धरा. मी त्याच्या खांद्याला धरलं.

दवाखान्यात तीच नर्स होती, दर वेळची. सदरा वर करा म्हणाली. सुई भरता भरता दाराकडे बघून तिनं विचारलं, आजी आज बाहेरच बसल्या का? पोरगा भिंतीकडे वळला. मी सांगितलं, काल दुपारी गेली. नर्सचा हात थांबला. मी म्हणालो, थांबू नको, टोच. तिनं टोचलं. दर वेळेपेक्षा हळू टोचलं, म्हणून जास्त दुखलं.

मग तिनं कापूस दाबून धरला आणि पोराकडे बघून विचारलं की पुढची तारीख कुणाला सांगू, भाऊंना सांगू का?

मी म्हणालो, मला सांग.